पोटरीवरचा तीळ

आमच्या घरातल्या सगळ्या दुखण्यांचं निदान मीच करायची. आर्णीला शिवणकाम करत होते, पण तोंड डॉक्टरचं. धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली तेव्हा तिला सातवा लागला होता. पोटरीवरचा तिचा जन्माचा तीळ फुगून काळाकुट्ट झाला होता.

"ताई, लय खाजते व," ती म्हणाली.

बोंडअळीचं वर्ष होतं ते. जो तो फवारणीवर फवारणी करत होता आणि कुणाच्या अंगावर काही उठलं की दोष औषधाला. ती कापसाच्या वावरातून आलेली, म्हणून मीही तेच धरलं. शिवाय दिवस गेले की गालावर वांग येतातच. "तीळच त आहे, काळा पडला त पडला. कायले घाबरतं?" मी खेकसले.

पण तो वाढतच गेला. मग चामखिळीला करतात तेच मी केलं. वरातीला घोडा देणाऱ्याकडून शेपटीचा केस आणला आणि तिळाच्या मुळाशी बांधला. रोज आवळायची. ती ओठ दाबून बसायची. आठव्या दिवशी तीळ गळून पडला. मी तो चुलीत टाकला आणि गल्लीभर फुशारकी मारली. पंधरा दिवसांत जखम चिघळली, जांघेत गाठ आली. माझं धाबं दणाणलं.

यवतमाळच्या डॉक्टरांनी जखमेचा तुकडा आणि गाठ, दोन्ही तपासायला पाठवलं. कातडीचा कॅन्सर निघाला, गाठीतही. बहिणीनं पोटावर हात ठेवला.

"लेकराच्यानं झालं काय जी हे?"

"नाही," ते म्हणाले. "कातडीला रंग देणाऱ्या पेशींवर हार्मोन्सचा संदेश पकडणाऱ्या जागा असतात, रिसेप्टर म्हणतात त्यांना. गरोदरपणात हार्मोन्स वाढतात, म्हणून तीळ बदलला तरी लोक ते साहजिक धरतात. पण बाळामुळे रोग झाला असं म्हणता येत नाही. उशीर मात्र झाला." मग त्यांचं लक्ष आवळल्याच्या वळाकडे गेलं. "हे कुणी बांधलं होतं?"

मी बहिणीकडे पाहिलं.

"म्याच," बहीण म्हणाली. "ताई नको म्हणून राह्यली होती."

डॉक्टर तिला खूप बोलले. मी भिंतीला टेकून ऐकत राहिले.

बाळ सुखरूप झालं. त्याचा पहिला वाढदिवस करून ती त्याच दुखण्यानं वारली. केस मी बांधला होता, हे तिच्या नवऱ्याला मी अजून सांगितलेलं नाही.