कांगनुंगकरणीची पुनव

कोरियातल्या अंदोंगच्या डोंगरात बाईला तिच्या नावानं हाक मारायची रीत नाही. लग्न होऊन आली की माहेरच्या गावाचं नाव तिला चिकटतं ते मरेपर्यंत सुटत नाही. त्यामुळं चुनजा हे नाव तिच्या नवऱ्यालासुद्धा दवाखान्याच्या खिडकीवर सांगताना क्षणभर आठवावं लागायचं. गावाची ती कांगनुंगकरीण. समुद्राकाठची. कुणाची गाय अडली, कुणाच्या म्हातारीचा घसा बसला, कुणाच्या मिरच्यांना बुरशी आली की, "जा रं, कांगनुंगकरणीला हाक मार."

आणि गंमत बघा, जिच्या नावातच समुद्र, तिला बेचाळीस वर्षांत सुगीच्या पुनवेला समुद्र दिसला नव्हता. आई-बाप गेले तेव्हा ती कांगनुंगला गेली, भावानं घर विकलं तेव्हा गेली. पण पुनवेला नाही. सुगीच्या पुनवेला सकाळी पितरांना पान वाढायचं, आणि चुनजा होती थोरल्या घरची थोरली सून. भावकीतले पंचवीस-तीस पुरुष आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून यायचे, वाकायचे, मग दिवसभर प्यायचे. त्यांच्या आधी आणि त्यांच्या नंतर जे काही असतं ते सगळं तिच्या हातातलं. शेवटची परात घासून ती परसात यायची तोवर चंद्र डोंगर ओलांडून पार माथ्यावर आलेला असायचा. बटनाएवढा.

चंद्र खरा उगवतो कसा, हे तिला ठाऊक होतं. तिचा बाप समुद्रात म्हाकूळ धरायला जायचा. पुनवेला होडी वाळूवर पालथी घालायचा आणि पोरांना वर बसवायचा. मग पाण्यातून चंद्र यायचा. परातीएवढा, लालभडक, अंगावरून पाणी निथळतंय असा.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिनं सासूला विचारलं होतं, "पान झालं की दोन दिस जाऊ का? चांद बघून येते."

सासू म्हणाली, "चांद काय तिथंच निघतो व्हय गं? आमच्या परसातनं बी दिसतोय. फुकाट."

चुनजा रडणाऱ्यातली नव्हती. तिनं मान डोलावली आणि ते मनात बांधून ठेवलं. नणंदा उजवल्या, पोरं शिकवून सोलला धाडली, मिरचीचं रान वाढवलं. सासूला आठवड्यातून तीनदा शहरातल्या दवाखान्यात न्यायची पाळी आली तेव्हा पन्नाशीत टेम्पो शिकली. नवरा सांगदो हा मऊ गडी. तो चाकावर बसला की समोरनं येणाऱ्या प्रत्येकाला आधी वाट द्यायचा, म्हणून परीक्षेत तीनदा नापास झाला आणि कायमचा शेजारच्या सीटवर जाऊन बसला. सासू शेवटी शेवटी तिच्याशिवाय कुणाच्या हातचं खाईना. गेली तीही तिच्याच मांडीवर.

सासूचं तिसरं वर्ष झालं आणि त्या सुगीला भावकी ओसरीवर जमली. अंगणात मिरच्या वाळत होत्या. धाकटे चुलत सासरे मुनहो, वय ऐंशीच्या घरात, पण आवाज असा की कौलं हलावीत. ते पितरांच्या दिवशी कुणी काय आणायचं ते सांगत होते. चुनजा मिरच्या उलथत होती. उलथता उलथताच म्हणाली,

"औंदा पितर कांगनुंगला जेवतील. मी तिकडं चाललेय."

मुनहोंनी तोंडातली चिलीम काढली. "काय म्हनलीस?"

"समुद्रावर चाललेय मामंजी. पुनवेला. दोन रात्री राहून यीन. ह्यांनी यायचं तर टेम्पोत जागा हाय."

"आन् पितर?"

"ते बी येतील. जागा हाय म्हनलं न्हवं?"

"अगं, घराला कुलूप बघून माझा दादा दारातनं माघारी जाईल! भुका!"

"मग तुमच्या घरी करा की. आक्टोपस किती वेळ उकडायचा, धिरडं कवा पालटायचं, समदं सांगून जाते. हायच काय त्यात?"

मुनहोंनी ओसरीवर नजर फिरवली. एकेक बापई मिरच्यांकडं बघायला लागला. त्या पंचवीस जणांत आक्टोपस जिवंत बघितलेला एक निघता तर शपथ. मुनहो चिलीम आपटून उठले. "ह्या घरात आता बायकांचं राज आलं," एवढं बोलून गेले.

"ते बेचाळीस वर्सं हायच," चुनजा म्हणाली, "पगार तेवढा आता घेतेय."

पुनवेच्या दिवशी उजाडायच्या आत टेम्पो निघाला. मागं ताडपत्रीखाली सगळा स्वयंपाक: पाइनच्या पानांवर उकडलेल्या तांदळाच्या करंज्या, खारा बांगडा, धिरडी, नवी सफरचंदं, आणि सगळ्यांच्या वर आठही पाय वळवून बसवलेला आक्टोपस, राजासारखा. सांगदोनं पितरांच्या नावाचे कागद ब्रशानं लिहून खिशात घेतले होते. तो आला खरा, पण त्याला एक घोर लागला होता. बाप आयुष्यात कधी ह्या वाटेनं गेलेला नाही, मग मेल्यावर त्याला वाट सापडणार कशी?

त्यावर त्यानं आपल्या परीनं तोड काढली होती. वळण आलं की काच खाली करायची आणि बाहेर तोंड काढून ओरडायचं.

"आबा, आता डावीकडं हं! पूल आलाय, जपून!"

टोलनाक्यावर तर त्यानं टोपी काढली. "आबा, सणाचा टोल माफ हाय, खुशाल या!" नाक्यावरची पोरगी बघतच राहिली.

"अवं, आत घ्या ते तोंड," चुनजा म्हणाली. "लोकांना वाटंल मी नवरा पळवून चाललेय आन् तो बोंबलतोय."

"तू चालव गं. तुझं काम तू कर, माझं मी करतो."

पण हमरस्त्यावर सगळा कोरिया लोटलेला. टेम्पो मुंगीच्या पावलानं सरकत होता, ऊन काचेतून येत होतं, आणि सांगदो रात्रभर कागद लिहीत जागला होता. वोंजूच्या अलीकडं त्याची मान लुडकली. वोंजूला रस्ता फुटतो. सरळ गेलं तर चुनछन, उजवीकडं वळलं तर समुद्र. चुनजा उजवीकडं वळली. सांगदो घोरत होता.

त्याला जाग आली ती पुढं डोंगरात. पाटी वाचली आणि तो सीटवर ताठ झाला.

"वोंजू गेलं?"

"कवाच."

"मला उठवलं का न्हाईस! मी सांगितलंच न्हाई त्यास्नी! सरळ गेलं असतील समदे! चुनछनला!"

"काय करतील चुनछनला जाऊन?"

"थट्टा करू नगंस! माघारी फिरव गाडी!"

समोरून अंदोंगकडं जाणारी रांग डोळ्याला दिसेल तिथवर गच्च. माघारी गेलं तर वोंजूलाच अंधार पडणार होता. आणि चंद्र काही टेम्पोसाठी खोळंबत नाही. चुनजानं दात आवळले आणि पुढच्या थांब्यात टेम्पो घातला. गाडी थांबते न थांबते तोच सांगदो उतरला, दारूची बाटली काखेत मारली आणि कुंपणापाशी जाऊन मागच्या डोंगरांकडं तोंड करून ओरडायला लागला, "आबा! चुकलासा! हिकडं वळा!" मक्याची कणसं खाणारी माणसं कणसं तोंडात तशीच धरून बघत होती.

"चला बसा," चुनजा म्हणाली.

"मी न्हाई येत. मी चालत जातो वोंजूला. पितर उपाशी ठिवून मला चांद बघायचा न्हाई."

हे तो मुद्दाम म्हणत नव्हता, तेच अवघड होतं. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. ओरडणाऱ्या माणसाला ती बघून घेती, पण ह्या मऊ माणसाला कसं ओढायचं? बेचाळीस वर्षं अशीच गेली होती, कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यांतल्या पाण्यापायी. ती टेम्पोला टेकून उभी राहिली. किल्ली मुठीत. माघारी न्यायची की ह्याला इथंच सोडून एकटीनं जायचं, हा हिशेब तिनं खरोखरच मांडला.

तेवढ्यात फोन वाजला. मुनहो. आवाज एवढा मोठा की फोन कानाला लावायची गरज नव्हती. तिनं तो नवऱ्यापुढं धरला.

"कुठं उलथलाय रं तुमी?"

"वाटंवर हाय मामंजी," चुनजाच म्हणाली.

"मी तुमच्या ओसरीवर बसलोय!"

"घराला तर कुलूप हाय."

"म्हनून तर बसलोय! म्हनलं दादा यील, कुनीतरी असावं दारात. बाटली आनली, दोन पेले आनले. उजाडल्यापासनं बसून बूड दुखाय लागलं. पर छ्या! दर वर्साला इथं बसलं की दादा पाठीशी बसल्यावानी वाटतंय. मानंला ऊब लागती. आज काय सुदिक न्हाई. नुसता वारा. समदं घर वस पडलंय." म्हातारा दम खायला थांबला आणि मग फुटलाच. "नेलंस तू त्यास्नी! भांड्यांबरूबर समद्यांस्नी उचलून नेलंस, कांगनुंगकरणी! माझ्यापुरता एक बी ठिवला न्हाईस!"

सांगदोनं काखेतली बाटली हळूच हातात घेतली. "काका, उजाडल्यापासनं वस हाय?"

"उजाडल्यापासनं म्हनलं की! बहिरा झालास?"

फोन बंद झाला. चुनजानं हिसडा मारून ताडपत्रीची दोरी सोडली. तिळाच्या तेलाचा, पाइनच्या पानांचा, बांगड्याचा वास भप्पकन बाहेर आला.

"ह्या वासावर बेचाळीस वर्सं येत्यात ते. सैपाक टेम्पोत चढला तवाच ते बी चढलं. हितं, ताडपत्रीखाली, मांडीला मांडी लावून बसल्यात. गाडीत बसलेल्याला वळन सांगावं लागतंय व्हय? चालवनारीला ठावं असलं की झालं."

सांगदोनं ताडपत्रीची कड उचलली. मग वाकून आत म्हणाला, "आबा, पाय जरा दुमडून बसा. आक्टोपसला लागंल." आणि मुकाट्यानं पुढं जाऊन बसला.

त्यापुढं टेम्पो असा हाणला बाईनं की देग्वाल्ल्योंग घाटातले बोगदे कधी आले कधी गेले कळलं नाही. शेवटच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर खाली गाव, गावापलीकडं निळी पट्टी. तिनं हॉर्न दाबला. उगाच. लांबलचक.

कांगनुंगच्या क्योंगफो किनाऱ्यावर, वाळूत त्यांनी चटई अंथरली तेव्हा दिवस बुडत होता. सकाळचं पान संध्याकाळी वाढलं जात होतं, पण तक्रार करायला कुणी पुढं आलं नाही. नावाचे कागद वाऱ्यानं उडू नयेत म्हणून चार शिंपले ठेवले. सांगदो दारू ओतायला बसला आणि थबकला. बाटली त्यानं तिच्यापुढं केली.

"तू वत. आनलंस तू."

त्या घराण्यात बाईच्या हातून पहिला पेला कधी भरला गेला नव्हता. चुनजानं तो भरला, अगदी काठोकाठ, आणि सांडू दिला नाही.

दोघं वाकून उठतात तोच पाण्याच्या कडेला लाल टिंब आलं. टिंबाची फोड झाली, फोडीची परात. बापाच्या होडीवरून दिसायचा तसाच, निथळत. शेजारी पोरं ओरडली, कुणी टाळ्या वाजवल्या. चुनजा दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी होती, तयार पिकाकडं बघत कुळंबीण उभी राहते तशी.

"हितं पाच चांद दिसतात म्हनं," सांगदो म्हणाला. "वर एक, समुद्रात एक, मागच्या तळ्यात एक, पेल्यात एक, आन् पाचवा समोरच्या माणसाच्या डोळ्यांत."

तिनं त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं केलं आणि नीट बघितलं.

"तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू हाय. परत गेल्यावर दाखवू." पण हनुवटी तिनं लगेच सोडली नाही.

करंज्या आजूबाजूला वाटल्या. पलीकडच्या चटईवरची एक म्हातारी करंजी खात खात म्हणाली, "बोलन्यावरनं तुमी अंदोंगकडच्या दिसता. लांबनं आलासा?"

चुनजानं आक्टोपसचा एक पाय तोडून तिच्या हातावर ठेवला.

"न्हाई ओ, हितलीच मी," ती म्हणाली. "जरा सासरी गेलते."