ताण्याचे पैसे

नागपूरहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लांबच. लग्न होऊन चार वर्षं झाली तरी मी तो फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. त्यामुळे ऐंशी सालानंतर कधीतरी नवऱ्याची अंदमानची एलटीसी, म्हणजे सरकारी नोकराला मिळणारी प्रवासभाड्याची सवलत, मंजूर झाली, तेव्हा मी पोळी तव्यावर टाकून शेजारणीला सांगायला पळाले. पोळीचा कोळसा झाला. सासूबाई एरवी तेवढ्यावरून तासभर बोलल्या असत्या, पण त्या दिवशी गप्प बसल्या. त्याही येणार होत्या.

सरकार देणार होतं ते फक्त रेल्वेचं आणि जहाजाचं भाडं. राहणं, खाणं, फिरणं आपल्या पदरचं. त्याचा हिशेब सासूबाईंनी बसवला, आमच्या विणकराच्या घरातल्या रीतीने. आमच्याकडे पैसे दोनच प्रकारचे, ताण्याचे आणि बाण्याचे. ताणा म्हणजे मागावर आधी चढवायचे उभे धागे, बाणा म्हणजे त्यातून आडवे विणत न्यायचे. बाण्याचं सूत थोडंथोडं आणता येतं, उधारही मिळतं. ताणा एकदम पुरता लागतो, नाहीतर माग बंद. म्हणून ताण्याच्या पैशाला सणालाही कुणी हात लावत नसे. सासरे गेले, आदल्या दिवाळीत मागही विकला, तरी ही रीत घरात ठाण मांडून होती. मागाचे आलेले पैसे सासूबाईंनी कमरेच्या पिशवीत बांधले. ते ताण्याचे, अडीअडचणीचे. रोजच्या खर्चाचे, म्हणजे बाण्याचे, नवऱ्याकडे.

मी एवढंच सांगितलं, की मला साडी नको, काही नको, पण तळाला काच बसवलेल्या नावेत बसायचं आहे. नवऱ्याच्या कचेरीतल्या एकांची बायको जाऊन आली होती. त्या काचेतून समुद्राच्या तळाशी जिवंत पोवळं दिसतं, असं ती हात हलवून हलवून सांगायची. मी पोवळं पाहिलं ते सराफाकडे, मण्यात. नवऱ्याने नावेचे पैसे बाण्यात धरले आणि मी मद्रासपर्यंत डब्यात सगळ्यांना तेच सांगत गेले.

जहाजावर मी तीन दिवस कठड्याला चिकटून होते. काय सांगू तो आनंद! सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "काहून वं, हे संपते कुठी?" मला काय ठाऊक. मी म्हणायचे, न संपो.

बेटावर पोहोचल्यावर नवरा मोठा काटकसरी निघाला. खोली घासाघीस करून घेतली, जेवण एकवेळ हॉटेलात, एकवेळ आम्ही नेलेला दशम्या-चिवडा. मी खूश होते. आणि मग त्याला बाजारात नारळ दिसले. आमच्याकडे नारळ म्हणजे पूजेला एक, तोही वाजवून, निवडून. इथे त्याहून कितीतरी स्वस्तात ढीग पडलेला. काटकसरी माणसाला स्वस्ताई चढते तशी दारूही चढत नाही. संध्याकाळी तो पोतंभर नारळ हमालाच्या डोक्यावर देऊन खोलीवर आला.

"गल्लीत घरोघरी एकेक देऊ," तो म्हणाला. "नागपुरात या भावात भेटतील का?"

"आणि नाव?" मी विचारलं.

त्याने खिसा चाचपला आणि पोत्याकडे पाहिलं. मग मी जे बोलले ते शेजारच्या खोलीतल्या बंगाली कुटुंबालाही समजलं असावं. एवढा समुद्र ओलांडून मी गल्लीसाठी नारळ आणायला आले होते का? रडूही येत होतं आणि त्या पोत्याला लाथ मारावीशीही वाटत होती. मारली. पायाला लागलं.

सकाळी सासूबाई लुगडं नेसून तयार. "चाल वं," म्हणाल्या. नवरा मागून आला, गुन्हेगारासारखा. धक्क्यावर त्यांनी पाठ फिरवून पिशवीची गाठ सोडली आणि दोघींची तिकिटं काढली. मुलाला म्हणाल्या, "तू बस येथी. नारळाचा विचार कर."

नाव निघाली आणि काचेखाली ते आलं. जांभळं, पिवळं, गुलाबी, झाडासारखं पसरलेलं, आणि मधून निळ्या माशांचे थवे सुळकन जात होते. मी सासूबाईंचा दंड धरून ओरडत होते, "आई, तिकडे, ते पाहा." त्या काचेवर ओणव्या झालेल्या. इतकी वर्षं सूत रंगवलेली बाई, एकेका रंगाला नाव देत होती, आणि नाव सापडलं नाही की नुसती हसत होती. त्यांना असं हसताना मी घरात कधी पाहिलं नव्हतं.

नाव धक्क्याला लागली. सगळे उतरले. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी पुन्हा पिशवी काढली, नावाड्याच्या हातात नोटा दिल्या आणि धक्क्यावरच्या मुलाला हाक मारली, "ये गा, तू बी ये."

मी घाबरून त्यांच्या कानाशी म्हटलं, "आई, ते ताण्याचे पैसे आहेत."

त्यांनी काचेवरून मान वर केली नाही. "ताणा चढवाले माग कुठी आहे आता?" म्हणाल्या. "सरक तिकडे, त्याले बसू दे."

मी सरकले.