रवंथाची पावलं

किबोरला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ताप्रांदिचला तो घड्याळचोर वाटला होता. आता हे सांगताना ती इतकी हसते की हातातला चहा हिंदकळून मांडीवर सांडतो. पण तेव्हा काय, तिच्या चहाच्या टपरीसमोर एक लुकडा माणूस उभा! डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत घड्याळंच घड्याळं, उजव्यावर आणखी दोन, आणि गडी जागच्या जागी हात हलवतोय, माश्या हाकलल्यासारखा. इतेन पडलं पळणाऱ्यांचं गाव. इथे सकाळी रस्त्यावर जिच्या अंगावर घड्याळ नाही ती एकतर म्हातारी, नाहीतर गाय. तेव्हा ताप्रांदिचनं काय करावं? भाचीला, जेरोटिचला, आत ओढलं आणि म्हणाली, "मनगट झाक बाई, मनगट झाक!"

चोर कसला! शेजारच्या पिठाच्या गिरणीवर नवीन लागलेला माणूस तो. पळणाऱ्या पोरापोरींची मेलेली घड्याळं गोळा करायची, काच फुटलेली, बॅटरी फुगलेली, आणि मक्याच्या पिठात बसून त्यांच्यात जीव घालायचा, हा त्याचा नाद. बायको नाही, दारू नाही, हेच. त्या दिवशी तो कुठलं घड्याळ किती पावलं खोटी मोजतं ते बघत होता.

पुढे त्यानं काय केलं, तर जेरोटिचची दोन जुनी घड्याळं दुरुस्त केली. मोटारसायकली चोरीला गेल्या तर सापडाव्यात म्हणून लावतात त्या सिमवाल्या डब्या फोडून त्यांची पोटं या घड्याळांमागे चिकटवली. आता माणूस कुठे आहे ते किबोरच्या तडा गेलेल्या टॅबवर ठिपका होऊन दिसायचं. एक घड्याळ जेरोटिचला परत दिलं. मनगटावर कासव घेऊन पळाल्यासारखं दिसायचं ते, पण पोरगी गुणाची, किबोरचं मन मोडायला नको म्हणून घालायची. आणि दुसरं? दुसरं त्यानं आपल्या सामो गायीच्या जबड्याखाली, दाव्याला बांधलं.

"गायीला घड्याळ कशाला रे?" ताप्रांदिचनं विचारलं. "धारेची वेळ चुकते का तिची?"

"कोगो, ती रोज दरीकडे पळते. शोधून शोधून माझे पाय गेले." कोगो म्हणजे आजी. पन्नाशीच्या बाईला सगळं गाव आजी म्हणतं याचा तिला राग येतो, पण टपरी चालवायची तर आजी झालेलं बरं.

मग सुरू झालं भांडण. टपरीवर दर रविवारी सगळे आठवड्याची पावलं जुळवून बघायचे, आणि सगळ्यात कमी चालला त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. त्या रविवारी येगो शेवटून पहिला आला. येगो मोटारसायकलवर सवाऱ्या नेतो. एके काळी पळायचा म्हणे. आता त्याच्या फक्त थापा पळतात. आणि त्याच्या वर कोण? सामो!

"गाय माझ्यापेक्षा जास्त चालली? शक्यच नाही!"

"बघ की," किबोर टॅब पुढे करत म्हणाला.

येगोनं बघितलं, डोकं खाजवलं आणि एकदम टाळी वाजवली. "अरे लबाडा! ती बसून रवंथ करते तेव्हा जबडा हलतो, तेच हे मोजतंय! रवंथ म्हणजे पाऊल नव्हे. ती पावलं काढ, मग गाय शेवटून पहिली, आणि चहा तू पाज!"

किबोर म्हणाला, घड्याळानं मोजलं म्हणजे मोजलं. येगोनं चहा पाजला नाही. आठवडाभर दोघं एकमेकांकडे पाठ करून चहा प्यायले, आणि ताप्रांदिचनं दोघांनाही मुद्दाम गार चहा दिला.

मग आला तो गुरुवार.

जेरोटिच जेवण करून एकटीच दरीच्या वाटेनं पळायला गेली. पुढच्या आठवड्यात तिला परदेशी शर्यतीला जायचं होतं. पहिलीच वेळ. भरलेली बॅग दाराशी तयार होती. फोन टपरीतल्या फळीवर चार्जिंगला. पळताना फोन कोण नेतं! उन्हं उतरली तरी पोरगी आली नाही. समोरच्या टेकडीवरून धुकं उतरायला लागलं. इतेनचं धुकं येतं ते थंडी आणि पाऊस बगलेत घेऊनच येतं. ताप्रांदिचनं दुधाचं भांडं तसंच चुलीवर सोडलं आणि गिरणीत धावली.

"किबोर, बघ रे जरा, कुठे आहे ती!"

किबोरनं टॅब काढला आणि त्याचं तोंड पिठासारखं पांढरं पडलं.

पडद्यावर ठिपके दोन. दोन्हींवर नाव एकच, जेरोटिच. घड्याळं दोन्ही तिचीच ना! गायीच्या घड्याळाचं नाव 'नंतर बदलू' म्हणून राहिलेलं. एक ठिपका वर जंगलाच्या रस्त्यावर, हळूहळू सरकत, मधे मधे थांबत. दुसरा खाली दरीत, उतारावर, ढिम्म.

"अरे, ती बघ रस्त्यावर!" ताप्रांदिचच्या जिवात जीव आला. "दमली असेल, चालत येतेय. आणि दरीत तुझी सामो, नेहमीसारखी."

येगोही आला होता. त्यानं गाडीला किक मारली. "चला कोगो, वरून घेऊन येऊ तिला."

"थांब!" किबोर ओरडला.

"आता काय?"

"वरची गाय आहे."

"वेडा झालास? सामो कधी वर गेली आहे का?"

ते खरंच होतं. पण गाडी एकच, उजेड अर्ध्या तासाचा, आणि दोन्ही वाटा दोन दिशांना. वर गेलं आणि पोरगी खाली असली, तर अंधार पडल्यावर त्या उतारावर कोण उतरणार? आणि खाली गेलं आणि पोरगी वर असली, तर किबोरला ताप्रांदिचनं गिरणीत घालून दळलंच असतं.

"नीट बघ," तिचा आवाज फाटला होता. "माझ्या भावाची एकुलती एक आहे ती."

किबोरनं बोटं कपड्याला पुसली आणि वरच्या ठिपक्यावर ठेवली. "कोगो, हा ठिपका थांबलाय. जागचा हललेला नाही. पण पावलं वाढतायत. बघा, एकसारखी, टक टक टक. थांबून कोण पावलं टाकतं?"

ताप्रांदिच गायीगुरांत वाढलेली. तिनं ती लय ओळखली. जबडा इकडून तिकडे, इकडून तिकडे. दावणीला बसून लहानपणी हजारदा ऐकलेली.

"आणि खालचा?"

किबोरनं बोट खाली सरकवलं. खालच्या ठिपक्याची पावलं दुपारीच थांबली होती. एकही वाढलं नव्हतं. गाय जिवंत असेल तर ती इतका वेळ तोंड बंद ठेवत नाही.

"खाली," ताप्रांदिच म्हणाली आणि येगोच्या मागे गाडीवर बसली. किबोर तिच्या मागे, टॅब छातीशी धरून.

गाडी वाटेच्या तोंडापर्यंतच गेली. पुढे चिखल, दगड, पांढरं धुकं. ताप्रांदिच हाका मारत राहिली. स्वतःचाच आवाज परत येत होता. येगो दोनदा घसरला, आणि एकदाही थाप मारली नाही. यावरूनच समजा, काय वेळ होती ती.

"डावीकडे," किबोर म्हणाला. "अजून खाली. इथेच कुठेतरी..."

झुडपात काहीतरी हललं.

"आत्या?"

पोरगी एका झाडाच्या मुळाला धरून बसली होती. घोटा भोपळ्याएवढा सुजलेला, ओठ निळे, घड्याळ मात्र मनगटावर. ताप्रांदिचनं आधी तिला छातीशी धरलं, मग पाठीत एक धपाटा घातला, मग पुन्हा छातीशी धरलं. येगोनं तिला पाठीवर घेतलं. अर्ध्या वाटेवर अंधार पडला आणि मग पाऊस.

शर्यत हुकली ती हुकलीच. पोरगी दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी प्लास्टर घातलेला पाय स्टुलावर ठेवून टपरीत बसली आणि सगळ्यांवर हुकूम सोडायला लागली, तेव्हा ताप्रांदिचला पहिली नीट झोप लागली.

रविवार आला. पावलं जुळवून बघितली. येगो पुन्हा शेवटून पहिला, वर सामो.

"हे बघा," येगो घसा साफ करत म्हणाला, "पोरीला मी पाठीवर आणलं, ते वेगळं. पण नियम म्हणजे नियम. रवंथ म्हणजे पाऊल नव्हे."

किबोरनं कप खाली ठेवला. "बरोबर. मग गुरुवारीही ती पावलं धरायची नव्हती."

"म्हणजे?"

"म्हणजे वर रस्त्यावर जी टक टक चालली होती, ती आपण मोजायलाच नको होती. तुझ्या नियमानं आपण वर जायला हवं होतं. गायीला घरी आणायला."

जेरोटिचनं कपाच्या आड तोंड लपवलं, पण स्टुलावरचा पाय हसण्यानं हलत होता.

"गुरुवारी चालतात आणि रविवारी नाही, असं कसं रे येगो?" ताप्रांदिच म्हणाली. किटली तिनं आधीच उचलली होती.

येगोनं सगळ्यांची तोंडं पाहिली. मग खिशात हात घातला.

"सगळ्यांना दे कोगो," तो पुटपुटला. "गाय सोडून."

"गायीलाही," किबोर म्हणाला. "जिंकून आलेल्याला आपण काय देतो?"

शर्यत जिंकून आलेल्याला गावात पोकळ भोपळ्यात मुरवलेलं आंबट दूध पाजतात. येगोनं कोपऱ्यातला तो दुधाचा भोपळा उचलला आणि शिव्या देत सामोच्या गोठ्याकडे निघाला.