मेजरचा उपास

मेजर टेबलावर चढेना, म्हणून शेवटी मीच खाली बसले. स्टेथोस्कोप त्याच्या छातीला लावला. त्याने माझ्या खांद्यावर मान टेकली आणि लांब उसासा सोडला.

"पाहा, कसा उसासे टाकून राह्यला बिचारा!" मागून मालकिणीची सासू म्हणाली. "एवढा वाघासारखा जीव, पण रातच्या अन्नाले शिवत नाई. हे बाई सकाळी जाते पोरं शिकवाले, दिवेलागणीले येते. दिवसभर हा एकटा. झुरून राह्यला वो, डाक्टरीण बाई."

मालकीण सुलभा वानखडे साखळी घट्ट धरून उभी होती.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आष्टी तालुक्यातल्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मी डॉक्टर होते. बाई आणि तीही जनावरांची डॉक्टर, हे नुसतं पाहायला लोक पहिले काही महिने येत. मग हळूहळू बैल घेऊन येऊ लागले. आमचं बहुतेक काम बैल, गाई आणि शेळ्यांचं. दवाखान्यासमोर लोखंडी खोडा होता. त्यात बैल उभा करून अडकवायचा आणि तपासायचा. कुत्र्यासाठी काहीच सोय नव्हती, आणि मेजरएवढ्या कुत्र्यासाठी तर नाहीच. तो अल्सेशियन होता. सुलभाचा नवरा फौजेत हवालदार. सुट्टीवर येताना त्याने हे पिल्लू आणलं आणि नाव ठेवलं मेजर. "घरात आपल्यापेक्षा वरचा कोणीतरी पाहिजे," असं त्याचं म्हणणं होतं. मग तो परत ड्यूटीवर गेला. मेजर वाढत राहिला.

सुलभा तळेगावात भाड्याच्या घरात एकटी राहायची आणि आष्टीच्या हायस्कुलात गणित शिकवायला रोज एस.टी.ने यायची. सासू शेतावरच्या गावी थोरल्या मुलाकडे असायची आणि बाजाराच्या दिवशी सुनेकडे चक्कर टाकायची.

मी ताप पाहिला. नव्हता. हिरड्या गुलाबी होत्या. अंगावरचे केस चकचकीत.

"सकाळी काय खातो?"

"दूध-भाकरी. मी निघायच्या आधी. तेव्हा खातो थोडं," सुलभा म्हणाली. "संध्याकाळी भात शिजवते, वरण घालते. तो वास घेतो, तोंड फिरवतो आणि पडून राहतो. दीड महिना झाला, मॅडम."

"जंताचं औषध देते. सोबत एक टॉनिक. पुढच्या आठवड्यात आणा."

सासूला एवढ्यावर समाधान नव्हतं. "औषधानं काय होते? मी पोराले लिहून कळवलं. त्याचं उत्तर आलं, मेजरले सांभाळजा. आता थो सांभाळाचा म्हणजे घरी कोणी पाहिजे का नाई? मी म्हटलं हिले, संक्रांतीपर्यंत वाट पाय. नाई सुधारला, त नोकरी सोड. काय कमी हाय आपल्याले?"

सुलभा तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहून बोलली. "मॅडम, माझी कायम व्हायची ऑर्डर येणार आहे. आता सोडलं तर परत मिळायची नाही."

प्रश्न असा होता. कुत्रा जेवला तर नोकरी राहणार. नाही जेवला तर जाणार. माझ्या दवाखान्यात अशी केस पूर्वी आली नव्हती.

पुढच्या आठवड्यात मेजर आला तो तसाच. औषधाने काही फरक नाही. मी त्याच्या बरगड्या चाचपल्या. उपाशी जनावराच्या बरगड्या बोटांना लगेच लागतात. याच्या लागेनात. पोट मात्र चांगलं गोल.

इथे मला खरी काळजी वाटली. जनावर जेवत नाही आणि पोट वाढतं, याचा एक अर्थ पोटात पाणी साचतंय असा असतो. त्याला जलोदर म्हणतात. यकृत किंवा हृदय बिघडलं की होतो, आणि बहुतेक वेळा बरा होत नाही. तपासायची साधी रीत आहे. पोटाच्या एका बाजूला तळहात ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूला टिचकी मारायची. पाणी असेल तर लाट हाताला लागते. मी चार ठिकाणी टिचक्या मारल्या. लाट नव्हती. पोटात पाणी नव्हतं. चरबी होती.

"याचं वजन करू," मी म्हटलं.

आमच्याकडे काटा नव्हता. आमचा मलमपट्टी करणारा ड्रेसर नामदेव म्हणाला, "मॅडम, कापसाच्या काट्यावर चला ना. तिथं बैलबंडी सुद्धा तोलतात."

गेलो. कापसाचा हंगाम होता, बंड्यांची रांग लागलेली. हमालांनी गाठोडी बाजूला सारून मेजरला काट्यावर उभं केलं. एक जण म्हणाला, "बाई, ग्रेड कोणता लावू याले?" दुसरा म्हणाला, "ओला हाय, भाव कमी भेटन." मेजर शांत उभा होता. आकडा पाहून मी परत एकदा तोलायला लावलं. त्या जातीचा, त्या वयाचा चांगला खातापिता कुत्रा जेवढा भरावा, त्याहून तो बराच जास्त भरला.

"सुलभाताई," मी म्हटलं, "तुमचा कुत्रा उपाशी नाही. त्याला कोणीतरी खायला घालतंय."

"कोण घालणार? फाटक बंद असतं. अंगणाला कमरेएवढी भिंत आहे. आत यायची कोणाची हिंमत नाही."

"शेजारी विचारा."

तिने विचारलं. घरोघरी जाऊन विचारलं. गणिताची बाई, काम अर्धवट सोडणारी नव्हती. दोन दिवसांनी शाळेतून सरळ दवाखान्यात आली.

"कोणीच खायला घालत नाही, मॅडम. सगळ्यांनी शपथ घेऊन सांगितलं. खोटं बोलतील अशी माणसं नाहीत ती."

नेमके तेव्हाच वर्ध्याहून आमचे साहेब व्हिजिटला आलेले. त्यांनी हे ऐकलं.

"मॅडम, खुरकुताच्या लसीचं काय झालं?"

खुरकूत म्हणजे जनावराच्या तोंडात आणि खुरांत फोड येणारा रोग. बैलाला झाला की तो ना खात, ना चालत. लस होती, पण लोक टोचून घेत नसत. टोचलं की बैल दोन दिवस मलूल होतो, गाय दूध कमी देते, अशी भीती.

"तळेगाव राहिलं आहे, सर. लोक जनावरं लपवतात."

"मग तिकडे लक्ष द्या. सरकारनं आपल्याला शहरी कुत्र्यांची मनं सांभाळायला ठेवलेलं नाही."

"परवा तळेगावलाच जाते, सर," मी म्हटलं. कोणत्या गल्लीपासून सुरुवात करणार, ते सांगितलं नाही.

परवा लसीची थर्मास पेटी घेऊन आम्ही सुलभाच्या गल्लीत पोचलो. सुलभा शाळेत गेलेली. स्वयंपाक उरकायची वेळ होती. पहिल्या घरी बैल गोठ्यात होता आणि घरधनीण म्हणत होती की बैल शेतावर गेला. बैल आतून हंबरला. ती हसली, मीही हसले. या बाईंचं नाव शांताबाई. बोलता बोलता त्यांनी चुलीजवळून एक पोळी उचलली, तिच्यावर गुळाचा खडा ठेवला, पोळी दुमडली आणि बाहेर निघाल्या.

"कुठं निघालात?"

"आलेच. कुत्र्याची पोळी देऊन येते."

वाचकांना हा रिवाज माहीत असेलच. पहिली पोळी गायीची, शेवटची कुत्र्याची. घरोघरी काढतात. मी मागोमाग गेले. शांताबाई सुलभाच्या भिंतीपाशी थांबल्या. पलीकडून मेजरने पुढचे दोन्ही पाय भिंतीवर टेकले आणि पोळी अलगद घेतली. चावली सुद्धा नाही.

"शांताबाई, तुम्ही तर सुलभाताईंना सांगितलं, खायला घालत नाही म्हणून!"

"नाईच घालत! काऊन घालीन? मास्तरीण बाई घालते ना." त्यांना माझा प्रश्नच कळेना. "हे त कुत्र्याची पोळी हाये. हे का खायला घालणं झालं?"

तेवढ्यात समोरच्या घरातून दुसरी बाई पोळी घेऊन आली. तिच्यामागे तिसरी. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि पाहत राहिले. गल्लीतल्या प्रत्येक घरातून एक पोळी येत होती. कोणी तूप लावलेली, कोणी कालची, कोणी ज्वारीची भाकरी. प्रत्येकीच्या मते तिने कुत्र्याला खायला घातलं नव्हतं. तिने फक्त रिवाज पाळला होता.

"आधी कोणाला द्यायच्या?" मी विचारलं.

"गल्लीत होते ना कुत्रे. लाल्या होता, त्याची माय होती," शांताबाई म्हणाल्या. "हा भुकाले लागला तसे सगळे पळाले. आता गिरणीकडं राह्यतात. मंग पोळी द्याची कोणाले? हाच एक कुत्रा उरला."

निदान झालं. जवळजवळ दोन महिन्यांपूर्वी मेजरला पूर्ण आवाज फुटला, गल्ली रिकामी झाली आणि सगळ्या गल्लीचं कुत्र्याच्या पोळीचं काम त्याच्या एकट्यावर आलं. संध्याकाळी तो झुरत नव्हता. त्याच्या पोटात जागाच नव्हती.

आता उपचार. पोळ्या बंद करा म्हणून सांगायचा विचार मी आधीच सोडून दिला. ते कोणी ऐकलं नसतं, आणि ऐकावं असंही मला वाटत नव्हतं. संक्रांत तोंडावर होती. मी सुलभाला सांगितलं, "यंदाचं हळदीकुंकू तुमच्याकडे करा. सगळ्या गल्लीला बोलवा. सासूबाईंना बोलवा. मी येते."

हळदीकुंकवाला गल्ली लोटली. तिळगूळ झाला, वाण वाटून झालं. मेजर कोपऱ्यात बांधलेला. मी उभी राहिले आणि काट्यावरचं वजन सांगितलं. मग म्हटलं, "रोज पोळी देणाऱ्यांनी हात वर करा."

सगळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. गल्लीतल्या सगळ्यांचे हात वर गेले.

"माय वो!" एक जण ओरडली. "मले वाटलं मीच एकटी देते! बिचारा उपाशी हाय म्हणून मी त दोन देत होती!"

"म्हणून मी तूप लावून देत होती!"

हसण्याचा जो कल्लोळ उठला त्याने मेजर भुंकायला लागला. फक्त सासूबाई हसत नव्हत्या. त्या माझ्याकडे पाहत होत्या. त्यांचा हात वर नव्हता, पदराखाली होता.

"सासूबाई, तुम्ही बाजाराच्या दिवशी येता तेव्हा?"

"मी काय घालणार वो? मी त घरची."

"तरी?"

"आता आल्यासारखी... चार पोळ्या. दुधात कुस्करून. उपाशी जीव दिसला त..." आणि मग स्वतःच पदर तोंडाला लावून हसू लागल्या. "अन् मंग संध्याकाळी मीच म्हणत होती, पाय, खात नाई!"

शांताबाई म्हणाल्या, "मामी, म्हणजे सुनेची नोकरी तुमीच खात होत्या का?"

"चूप वो तू. तुयाच गुळानं सुजला थो."

पुढचं काम माझ्या आवडीचं होतं. वार आणि घरं असा तक्ता केला. एका वाराला दोन घरं, दोनच पोळ्या, गूळ-तूप बंद. ज्या दोन घरांचा वार, त्यांनी दुपारी फाटक उघडून मेजरचं पाणी बदलायचं आणि थोडा वेळ त्याच्याशी बोलायचं. बाकीच्यांनी कुत्र्याची पोळी गिरणीकडे जाताना लाल्या आणि कंपनीला द्यायची. त्यावर थोडी भांडणं झाली. सोमवार सगळ्यांनाच हवा होता. बाजाराचा दिवस सासूबाईंनी कोणालाही मिळू दिला नाही.

निघताना मी म्हटलं, "आता एक काम माझं. उद्या सकाळी लस घेऊन येते. बैल शेतावर पाठवू नका."

"शेतावर काऊन पाठवू?" शांताबाई म्हणाल्या. "कुत्र्यासाठी तुमी येवढं करता, त बैल काय दुश्मन हाये तुमचा?"

दुसऱ्या दिवशी त्या गल्लीत एकही जनावर टोचायचं राहिलं नाही. बातमी पुढच्या गल्ल्यांत गेली आणि त्या आठवड्यात तळेगाव पुरं झालं. मासिक मीटिंगमध्ये साहेबांनी आकडा दोनदा वाचला.

"हे कसं केलं, मॅडम?"

"कुत्र्याचं मन सांभाळलं, सर."

मीटिंगमध्ये पहिल्यांदाच कोणी मोठ्याने हसलं. साहेबही हसले आणि चहा मागवला.

मेजर चौथ्या दिवशी संध्याकाळी भात-वरण जेवला. सुलभाने तो सगळा भात संपेपर्यंत त्याच्याजवळ उभं राहून पाहिलं, असं तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. होळीपर्यंत त्याच्या बरगड्या बोटांना लागू लागल्या. त्याच सुमारास तिची कायम झाल्याची ऑर्डर आली. पेढे घेऊन सासू आली, सून नाही. सून शाळेत होती.

"घ्या, डाक्टरीण बाई," सासूबाई म्हणाल्या. "आमची सून पक्की झाली सरकारात. तिले सुट्टी कुठं हाये? मले पाठवलं." आणि दाराशी थांबलेल्या प्रत्येक बैलवाल्याला त्यांनी पेढा देऊन हीच गोष्ट पुन्हा सांगितली.

आजाराचा इतिहास मालकाकडून घ्यावा, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. मालक दिवसभर नोकरीवर असेल, तर तो गल्लीकडून घ्यावा. ही दुरुस्ती मी नंतरच्या प्रत्येक नव्या डॉक्टरला पहिल्याच दिवशी सांगत आले आहे.