हत्तीची मानलेली लेक

गेल्या वर्षी तैवानातल्या आमच्या ताइनान शहराच्या गल्लीत बातमी उठली की युए-ओ काकूंचं डोकं फिरलंय, बागेतल्या हत्तीला त्या बाप म्हणतात. बातमी चविष्ट होती, पण अर्धवट. काकू पूर्ण शुद्धीवर आहेत, आणि हत्ती त्यांचा सख्खा बाप नाही, मानलेला आहे.

हत्ती म्हणजे घसरगुंडी. बदकांचं डबकं बुजवून बाग केली, तेव्हा एरवी मोऱ्या-ओटे बांधणाऱ्या गवंड्यानं ती मोझॅकची घडवली. गड्यानं हत्ती कधी पाहिलेला नव्हता, त्यामुळे कान म्हशीचे आलेत. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी हत्ती लाल कापडात गुंडाळून ठेवलेला होता. काकू तेव्हा तान्ह्या, तापानं फणफणलेल्या. आजारी पोर जुन्या झाडाच्या नाहीतर जागृत धोंड्याच्या ओटीत घालायची आमच्याकडे रीत; मग पोराची काळजी त्यानं घ्यायची. खेड्यातून नुकत्याच आलेल्या त्यांच्या आईला लाल कापडातला भलाथोरला धोंडा दिसला. तिनं उदबत्त्या लावल्या, लेक ओटीत घातली. सकाळी ताप उतरला आणि पाठोपाठ कापडही. आतून सोंड निघाली. पण गुण तर आलेला; आता नातं मोडणार कुठल्या तोंडानं?

तेव्हापासून दर वर्षी त्या तारखेला बापापुढे शेवया आणि संत्री.

मग बाग नवी करायची ठरली. शेन नावाची डिझायनर बाई नकाशा घेऊन आली. त्यात रबराची जमीन होती, चढायला दोरांचं जाळं होतं, हत्ती नव्हता. काकू भर सभेत उभ्या राहिल्या.

"यात माझे वडील कुठायत?"

शेनबाईंनी अदबीनं विचारलं, "ते रोज कुठल्या बाकावर बसतात?"

वॉर्डप्रमुख क्वो मध्ये पडले. "अहो काकू, मानलेलं नातं सोळाव्या वर्षी सुटतं."

"सोळाव्या वर्षी बाप टाकून द्यायचा? तुमच्या घरची पद्धत असेल."

शेवटी ठरलं, हत्तीलाच विचारू. क्वोंनी देवळातून कौल लावायच्या लाकडी फाका आणल्या. एक उताणी, एक पालथी पडली तर होकार. दोन्ही पालथ्या तर नकार. दोन्ही उताण्या, तर देव हसतोय.

"हत्तीबाबा, जाता का?" क्वोंनी विचारलं.

दोन्ही उताण्या. पुन्हा टाकल्या, पुन्हा उताण्या.

"जरा गंभीर चेहऱ्यानं विचारा," मी मागून म्हटलं. "त्यांना वाटतंय तुम्ही गंमत करताय."

तिसऱ्यांदाही हत्ती हसला. निवडणूक तोंडावर आलेली. हसऱ्या हत्तीवर घण घालायची क्वोंची छाती होईना.

शेनबाईंनी मुकाट्यानं नकाशा बदलला. हत्ती राहिला, रबर त्याच्याभोवती आलं. फक्त सुरक्षेच्या नियमांत तो काही केल्या बसेना, म्हणून मागच्या पायऱ्या काढल्या, सोंडेला कठडा घातला आणि "चढू नये" अशी पाटी लावली.

नव्या बागेच्या उद्घाटनाला क्वोंना राहवलं नाही. "जिंकलात हो काकू. पण याच्यावर आता चढता येत नाही, घसरता येत नाही. दिवसभर हा करणार तरी काय?"

काकू म्हणाल्या, "तुमचे सासरे करतात तेच. बागेत बसेल."