पगार जास्त असलेला माणूस

आमच्या मेडिकलात पूर्वी पाच माणसं होती. आता एक जुने, वयस्कर सहकारी आणि मी. मी परभणीकडचा, आठवीत शाळा सोडलेला, त्यामुळे नोकरीची धास्ती कायम. काउंटरवर पंचवीस वर्षं काढलेले ते गोळ्यांची पट्टी कापताना मुदतीची तारीख असलेलं टोक कधी कापत नसत. "तारीख कापली की गिऱ्हाईक आंधळं झालं बघा, पावणं," म्हणत त्यांनी मला सगळं शिकवलं.

परवा मालक म्हणाले, "दोन पगार परवडत न्हाईत. कुणाला कामावरनं कमी करू?"

मी खाली मान घालून गोळ्यांचे डबे लावू लागलो.

माझे ते सहकारी शांतपणे म्हणाले, "मला. माझा पगार जास्त हाय, आन् ह्येला समदं येतंय की."

मला सगळं आलं की आपलीच नोकरी जाईल, हे शिकवताना त्यांना दिसतच असणार. तरी त्यांनी काहीच हातचं राखलं नव्हतं.