हॉलमधलं मिठागर

आमच्या खारघरच्या फ्लॅटमध्ये सासूबाईंची खोली एका टोकाला आणि स्वयंपाकघर दुसऱ्या टोकाला. मधे हॉल. हॉल काही मोठा नाही. चार पाहुणे आले की पाचव्यासाठी आतून स्टूल आणावं लागतं. पण गेल्या वर्षी सासूबाई त्या हॉलमध्ये पडल्या आणि तेव्हापासून तो त्यांना खाडीएवढा वाटायला लागला.

त्यांच्या खोलीच्या दारासमोर एक लादी खचली होती. तिच्यात पाय अडकला आणि मांडीचं हाड मोडलं. यथावकाश हाड जुळलं, डॉक्टरांनी बिनधास्त चाला म्हणून सांगितलं. खोलीतल्या खोलीत त्या छान चालायच्या. हॉलच्या तोंडाशी आल्या की मात्र थांबायच्या आणि हाक मारायच्या, "बाय, हात दे गो जरा."

ही हाक मला सहन व्हायची नाही. मी साताऱ्याकडची, सासर खाडीकाठच्या गावातलं, त्यामुळे आम्हा सासू-सुनांचं स्वयंपाकघरात रोज काही ना काही वाजायचं. डाळीत गूळ किती, कालवणात चिंच किती, साखरेचा डबा गॅसच्या डाव्या हाताला की उजव्या. त्या पडल्यावर राज्य माझ्या हाती आलं. मी सगळे डबे माझ्या सोयीने लावले आणि आठवडाभर मजेत होते. मग करमेना. डाळीत गूळ घालताना मी दाराकडे बघायची, आणि दारात कोणी नसायचं.

सासरे आमचे निवृत्त माणूस, फार बोलत नाहीत. एका सकाळी त्यांनी स्वतः केलेला चहा माझ्यापुढे ठेवला. तो पिववत नव्हता. ते म्हणाले, "लाद्या सगल्या काडून टाका. खालून सरल करा. ती एकटी चालली पायजे." विषय संपला.

नवऱ्याने चौकशी करून विनाइलच्या पट्ट्या ठरवल्या. लाकडासारख्या दिसणाऱ्या, पायाला मऊ, न घसरणाऱ्या. नावड्याचा एक मिस्त्री मिळाला. तो म्हणाला, पट्टी कोणीपण चिकटवेल, खरं काम खालचं. खाली सपाट पायजे आणि एकदम कोरडं पायजे. धुळीचा त्रास नको म्हणून सासूबाईंना रबाळ्याला नणंदेकडे पाठवलं. जाताना त्यांनी हॉल माझा हात धरून ओलांडला आणि लिफ्टमध्ये शिरल्यावरच सोडला.

मग जो धुरळा उठला तो अजून माझ्या मसाल्याच्या डब्यांत सापडतो. लाद्या उखडल्या, खालचा जुना माल छन्नीने खरवडला, डेब्रिजच्या गोण्या खाली गेल्या. सोफा आमच्या बेडरूममध्ये उभा करून ठेवला होता. त्याला वळसा घालून झोपायला जावं लागायचं. मिस्त्रीने जमीन झाडली, भेगा बुजवल्या, लेझरचं यंत्र लावून भिंतींवर हिरवी रेघ पाडली आणि पातळ मिश्रण ओतून सगळं सपाट केलं. ते सुकल्यावर पुन्हा रेघ पाडून जागोजागी मोजलं.

"बाबा, टेन्शन घेऊ नका. लेव्हल ओके हाय," तो म्हणाला.

सासरे त्या हिरव्या रेघेकडे बराच वेळ बघत होते. "रेगेला काय कलतं?" एवढंच म्हणाले.

आता हे सांगायला हवं, की सासऱ्यांच्या घरचं मिठागर होतं. तरुणपणी नवरा-बायको दोघं तिथे राबायची. आता तिथे रस्ते आणि इमारती आहेत. पण मिठाच्या वाफ्याची जमीन सपाट आहे की नाही ते पाणी सोडून बघायचं असतं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्यांच्या लेखी दुसरी तपासणीच नाही.

दुसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन आले, दार उघडलं, तर सासरे पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून हॉलच्या मधोमध उभे. सगळ्या दारांना माझ्या जुन्या चादरी गुंडाळून बांध घातलेले. आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत पाणी. जी जमीन कोरडी व्हावी म्हणून आम्ही इतके दिवस खिडक्या उघड्या टाकून पंख्याखाली बसलो होतो, तिच्यावर त्यांनी बादल्या ओतल्या होत्या.

"बाबा, हे काय केलंत?"

"थांब. दार लाव, वारं आत नको घेऊस. पानी हलतं."

मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे काका दारात उभे, डोक्यावर टॉवेल. मार्केटात हमाली करून निवृत्त झालेले, माझ्या माहेराकडचे, आवाज खणखणीत. "काय वं, वरनं पानी ठिबकतंय की. जेवत हुतो, ताटात पडलं." भिंतीकडेला जुन्या पाइपचं एक भोक राहिलं होतं, तिथून आमचं मिठागर त्यांच्या आमटीत उतरत होतं.

मी माफी मागितली, त्यांना जेवायलाच बसवलं आणि गावाकडची चटणी वाढली. चटणीने ते निम्मे निवळले. उरलेला राग त्यांनी सासऱ्यांवर काढला, आणि सासरे तो ऐकतच पाणी उपसत होते. सगळं पाणी काढून पुसून झालं तरी एका जागी ते साचून राहिलं होतं, परातीएवढं. नेमकं सासूबाईंच्या खोलीच्या दारासमोर.

मिस्त्री आला, त्याने डोकं खाजवलं. मिश्रण ओतताना आणि मोजताना तिथे सिमेंटच्या गोण्या रचल्या होत्या, त्यामुळे तेवढीच जागा सुटली होती. त्याने ती भरून दिली. पण सासऱ्यांचा विजय साजरा करावा अशी परिस्थिती नव्हती. जमीन ओली झाल्यामुळे काम लांबलं. मिस्त्रीने प्लास्टिकचा तुकडा चिकटपट्टीने जमिनीला चिकटवला. सकाळी त्याखाली दव दिसलं तर अजून ओल आहे. रोज सकाळी सासरे चष्मा लावून त्याच्यापुढे बसायचे. मी विचारायची, "बाबा, मीठ धरलं का?" ते प्लास्टिकचा कोपरा अजून दाबून बसवायचे.

एकदाचं प्लास्टिक कोरडं निघालं. दुसऱ्या दिवशी पट्ट्या बसणार, आणि बातमी कळताच सासूबाई रबाळ्याहून येऊन दाखल झाल्या. माझा हात धरून खोलीत गेल्या, पाय धुतले, पुसले, आणि दारात येऊन उभ्या राहिल्या.

"वरती काय घालायचं ते घाला. पन आदी खालचं मला पायानी बगू दे."

सासरे ताडकन उठले. मिठागरात पाणी सोडण्याआधी वाफा तुडवतात, त्यांनी आम्हाला समजावलं. सगळ्यांनी एका रांगेत खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, एकमेकांच्या कमरेला हात घालायचे आणि बारीक पावलं टाकत जायचं, म्हणजे कुठे मऊ जागा सुटत नाही. मग आमची रांग लागली. सासरे, सासूबाई, मी, नवरा, मिस्त्री, आणि आज तरी पाणी नाही ना हे बघायला वर आलेले खालचे काका. मिस्त्री म्हणत होता, असं कुठल्याच साइटवर केलं नाय.

निघालो. पहिल्याच पावलांना ती जागा आली. सासूबाईंचा हात माझ्या कमरेवर घट्ट झाला. त्या थांबल्या, अंगठ्याने जमीन चाचपली.

"हितंच ना?"

"हितंच," सासरे म्हणाले.

सासूबाईंनी टाच जोरात आपटली. जमीन हलली नाही. आम्ही पुढे सरकलो. अर्ध्या हॉलात काकांचा पाय मिस्त्रीच्या पायावर पडला, मिस्त्री कळवळला, नवरा हसायला लागला, काका म्हणाले माझा पाय न्हवं तो, आणि रांग तिथेच मोडली. मीही पोट धरून हसत होते. हसता हसता माझ्या लक्षात आलं, कमरेला हात नाही.

मी सासऱ्यांकडे बघितलं. त्यांचाही हात मोकळा होता. सासूबाई पुढे गेल्या होत्या. मान खाली, पाय जमिनीला घासत, बारीक बारीक पावलं. मी हाक मारणार होते, सासऱ्यांनी मला थांबवलं. हॉल संपला, स्वयंपाकघराचं दार आलं, त्या आत गेल्या. आम्ही सगळे होतो तिथेच उभे.

आतून भांड्यांचा आवाज आला. मग झाकणाचा. मग त्यांचा खणखणीत आवाज.

"साकरेचा डबा हितून कोनी हलवला?"

सासरे सिमेंटच्या उरलेल्या गोणीवर बसले. डोळे पुसले, आणि मला म्हणाले, "जा बाय, बोलनी खा."

मी धावतच गेले.